काळ्या दगडावरच्या रेघा

४ जानेवारी

पाव आखडत आणि किंमत फुगत चाललेल्या बाजारगल्लीतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

(चिमणे, हे बेकरीच्या पायरीवर उभी राहून खणखणीत वाच. पुटपुटू नकोस.)

तुम्ही लुटले जात आहात! रोज, दिवसाढवळ्या, आणि तेही तुमच्याच खिशात! ज्या नोटेला माझी बहीण दोन पाव देत होती, तिला आज एक देते. आणि तोही असा की पूर्वीचा पाव त्याला पाहून विचारील, ‘बाळ, कोणाचं रे तू?’ दोष तिचा नाही. पीठवाला तिला वाढवून मागतो, गिरणी पीठवाल्याला वाढवून मागते, आणि सगळे मिळून नोटेकडे बोट दाखवतात. नोट गप्प बसते. कागदच तो! छापणाऱ्याने आणखी छापला की तुमच्या पेटीतला कागद घडीसुद्धा न मोडता अर्धा होतो.

मी विचारतो, सोन्याने कधी असा दगा दिला? राजे बुडाले, टांकसाळी बुडाल्या, सोनं होतं तेवढंच राहिलं. मग ते पेटीत कशाला झोपवता? बाहेर काढा! तुटकं कानातलं, वाकलेला चांदीचा चमचा, जोडी हरवलेली बांगडी, सगळं किडूकमिडूक गल्लीतल्या सोनाराकडे न्या. त्याचे बारीक दाणे करा. सोन्याचा दाणा तिळाएवढा, चांदीचा मुगाएवढा. ज्याने जेवढं घातलं तेवढ्या वजनाचे दाणे त्याला परत. चांदीचा एक मूग म्हणजे एक पाव. सोन्याचा एक तीळ म्हणजे आठवड्याचा बाजार. गल्लीतला व्यवहार गल्लीत, या दाण्यांनी! वर्षाअखेर वितळवा आणि बघा, सोनं तसूभर कमी झालंय का ते!

चिमणे, आता पुढचं मोठ्याने वाचू नकोस. आईची पाटली विकून तू नवी भट्टी बांधणार असं ऐकलं. सोनं देऊन कागद घेणार? माझ्या बहिणीने? वर्षभर थांब. तुझी पाटली पहिली पडू दे, गल्ली आपोआप मागे येईल.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

दादा,

‘आता पुढचं मोठ्याने वाचू नकोस’ हे मी मोठ्याने वाचलं. पुढचंही वाचलं. ओघात होते, लोक टाळ्या वाजवत होते, थांबायचं सुचलं नाही. त्यामुळे माझ्याकडे आईची पाटली आहे, ती भट्टीसाठी ठेवली आहे, आणि माझा थोर भाऊ ती मला न विचारता गल्लीला देऊन मोकळा झालाय, हे आता कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. सगळे माझ्या मनगटाकडे बघत बोलतात.

तुझं भाषण चढलं मात्र. शिंपीणबाईंनी तिथल्या तिथे एक कानातलं उतरवलं. न्हावी म्हणाला, “आमच्याकडे चांदीची साखळी आहे, पण ती बायकोची.” बायको मागेच उभी होती. म्हणाली, “आधी तुमचा तो चांदीचा वस्तरा काढा, मग माझ्या गळ्याकडे वळा.” वस्तरा निघाला.

औषधवाल्याने खोडा घातला. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो, कारण तो प्रत्येक नोट उन्हात धरून बघतो आणि ढगाळ असलं तर गिऱ्हाइकाला ऊन पडेपर्यंत बसवून ठेवतो. तो म्हणाला, “दाणा सोन्याचाच कशावरून?” तेव्हा सोनारकाका पुढे आले. त्यांच्याकडे कसोटीचा काळा दगड असतो. दाणा त्यावर घासायचा. रेघ कशी उमटते त्यावरून खरं-खोटं कळतं. “प्रत्येक दुकानाला एकेक दगड देतो,” म्हणाले, “मला पडेल त्याच किमतीत.” पडेल ती किंमत बरीच पडली.

आता माझं ऐक. भट्टीच्या मागच्या भिंतीला चीर गेलीय, आत माझं बोट जातं. डावीकडचे पाव करपतात, उजवीकडचे पांढरे राहतात. ही भट्टी वर्ष काढेल असं गवंडी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पाटली गेली तर भट्टी गेली, भट्टी गेली तर बेकरी गेली, मग मी तुझ्याकडे येऊन राहीन आणि रोज सकाळी तुझी भाषणं ऐकेन. दोघांनाही झेपणार नाही.

आणि एक. आईच्या पाटल्या दोन होत्या. एक माझी. दुसरी तुझी. तुझीचं काय झालं?

चिमणी


२२ जानेवारी

चिमणे,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाने माझ्या काळजाला घरं पडली. सख्ख्या बहिणीने असं विचारावं? ज्याने आयुष्यभर व्यासपीठावरून एक सांगितलं आणि घरी येऊन दुसरं केलं असा तुझा भाऊ नव्हे! माझी पाटली मी केव्हाच पेटीतून बाहेर काढली आहे. ती आज या हातातून त्या हातात फिरते आहे. यापेक्षा जास्त मी काय सांगू?

भट्टीचं म्हणशील तर चीर भिंतीला गेली आहे, तुझ्या धैर्याला जाऊ देऊ नकोस. थोडं पीठ-माती लिंपून घे. वर्षाने तुझं सोनं जसंच्या तसं तुझ्या हातात येईल आणि तेव्हा तू अशी भट्टी बांध की शेजारच्या बाजारातून लोक बघायला येतील.

दगडांची कल्पना मला फार आवडली. घासा! निर्भयपणे घासा! खऱ्याला कसोटीची भीती कसली?

दादा


२० मार्च

दादा,

घातली पाटली. सोनारकाकांनी तिला कात्री लावली तेव्हा मी तोंड फिरवलं आणि तुला जे काय म्हणायचं ते मनात म्हटलं. आता माझी आई एका काचेच्या बाटलीत तिळासारखी भरून ठेवली आहे.

गल्लीत काय मजा चाललीय ती ऐक. पंखे बंद! पहिल्याच दिवशी शिंपीणबाईंनी सवयीने पंखा लावला आणि दोन तीळ कापडात उडाले. त्या नादात एका माणसाचा शिवून तयार झालेला कोट त्यांनी अस्तरासकट उसवला. माणूस कोट न्यायला आला, तो बाह्या बगलेत मारून गेला. न्हाव्याकडे कोणाला शिंक येतेय असं वाटलं तर त्याला अर्ध्या दाढीनिशी बाहेर पळवतात. बुटवाल्याने दाणे उचलायला करंगळीचं नख वाढवलंय आणि ते बुटाच्या टाचेत मोडून घेतलंय.

माझा एक तीळ परवा पिठात पडला, तीळ लावलेल्या पावांच्या घाण्यात. मी फक्त शिंपीणबाईंच्या कानात सांगितलं. तासाभरात तिळाचे सगळे पाव संपले. दुसऱ्या दिवशी दुप्पट केले, तेही संपले. लोक पाव चावत नाहीत, चाळतात. दादा, तुला म्हणून सांगते, तो तीळ मला त्याच संध्याकाळी माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात सापडला. अजून कोणाला बोलले नाहीये. तिळाचे पाव छान जातायत.

पण तुझं एक म्हणणं खरं ठरलं, ते कबूल करते. पीठवाला आमच्याच गल्लीतला, तोही दाणे घेतो, आणि तेव्हापासून पावाची किंमत हललेली नाही. एक मूग, एक पाव.

कसोटी मात्र जोरात. प्रत्येक दाणा प्रत्येक दुकानात घासला जातो. घेताना घासतात, देताना समोरचा घासतो. शंकासुर एकदा गिऱ्हाइकासमोर घासतो आणि गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा घासतो. मीही घासते, खोटं कशाला बोलू. हाताला एक चाळा लागलाय. दगड रेघांनी भरून जातात, मग नवी रेघ नीट दिसत नाही. म्हणून दर शनिवारी सोनारकाका मेणाचा एक मऊ गोळा घेऊन येतात आणि दारोदार दगड पुसून देतात. फुकट. “राहू द्या हो ताई, गल्लीचं काम आहे,” म्हणतात. चहासुद्धा घेत नाहीत.

चिमणी


२८ मार्च

चिमणे!

विजय! एक मूग, एक पाव! हे वाक्य मी काल वाचनालयाच्या सभेत तीनदा उच्चारलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. त्या खिशातल्या तिळाबद्दल मी तुझ्याशी समक्ष बोलेन. नैतिकतेचा प्रश्न आहे. पाव खरंच दुप्पट गेले?

पण खरा माणूस तुमच्या गल्लीत एकच निघाला, तो सोनार. दर शनिवारी, न बोलावता, न सांगता, दारोदार जाऊन दुसऱ्यांचे दगड पुसतो आणि चहा घेत नाही! अशी निःस्वार्थ सेवा मी आजवर फक्त माझ्या भाषणांत पाहिली होती. त्याचा जाहीर सत्कार करा. मी मानपत्राचा मजकूर पाठवतो.

दादा

वन्सं, पाकीट चिकटवून टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून कोपऱ्यात दोन ओळी घुसवते. ह्यांची पाटली या हातातून त्या हातात फिरते हे अगदी खरं. सकाळी माझ्या उजव्या हातात असते, भांडी घासताना डाव्या. तुम्ही तुमची घातलीत की काय? ह्यांचं ऐकून? अहो, मला एक पत्र टाकायचं होतंत आधी!
वहिनी


२ जून

दादा,

सत्कार झाला. सोनारकाकांना न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीत बसवलं, मानपत्र वाचलं, मी केक केला. ‘आपल्या हातून काहीही सुटत नाही’ हे तुझं वाक्य ऐकताना त्यांना ठसका लागला. आम्हाला वाटलं, भरून आलं.

मग कोणीतरी म्हणालं, सहामाही होतेय, एकदा सगळे दाणे एकत्र तोलूया. शंकासुराच्या औषधांच्या काट्यावर तोलले. दादा, चौथा हिस्सा सोनं गेलंय. दाणे मोजून सगळे आहेत, हरवलेले धरूनही हिशोब लागतो. पण दाणे दाणेच राहिले नाहीत. तीळ म्हणून दिले होते, आता खसखस झालीय.

एका क्षणात गल्ली फाटली. बुटवाला म्हणाला, शिंपीण कात्रीने कडा कापते. शिंपीण म्हणाली, न्हाव्याकडे वस्तरा आहे. न्हावी म्हणाला, “सगळ्यांत बारीक काटा कोणाकडे आहे ते बघा.” शंकासुर म्हणाला, “मला पहिल्यापासून शंका होती,” आणि त्याबरोबर सगळे त्याच्यावर तुटून पडले. सोनारकाका मधे पडून सगळ्यांना शांत करत होते.

आणि काल भट्टीची वीट पडली. सरळ पावांच्या ट्रेमध्ये. आता एकच बाजू पेटते, निम्मेच पाव निघतात. गवंडी म्हणतो, महिनाभरात नवी बांधली नाही तर ही आतल्या आत बसेल. माझ्या बाटलीतल्या खसखशीत नवी भट्टी होत नाही. आधी होत होती. हे तुझ्या टाळ्यांच्या हिशोबात कुठे बसतं ते लिही.

आणि आईची दुसरी पाटली कुठे फिरते ते मला कळलंय.

चिमणी


८ जून

चिमणे,

घाईत लिहितो. पाटलीचा विषय गौण आहे, गल्लीवर संकट आहे, त्यावर बोलू.

हे फितुराचं काम आहे. काटा ज्याचा, त्याच्यावर माझा संशय. जो सर्वांवर शंका घेतो तो स्वतःवरून जग ओळखत असतो. माझा आदेश असा: आजपासून कसोटी दुप्पट कडक करा. प्रत्येक दाणा दोनदा घासा, दोन्ही बाजूंनी, दाबून! आणि गल्लीत एकच निष्कलंक माणूस आहे, तो सोनार. सगळ्यांचे दाणे रात्री त्याच्याकडे ठेवायला द्या.

दादा


२५ जून

दुसऱ्याच्या पाटलीवर क्रांती करणाऱ्या आणि बहिणीच्या भट्टीचा धूर लांबून बघणाऱ्या माझ्या एकुलत्या एक बंधो,

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की काहीतरी जोरात घासल्याशिवाय राहवेना. समोर काळा दगड होता, रेघांनी भरलेला, शनिवार अजून दूर. मी परात, काउंटर, काटा सगळं उरलेल्या घट्ट पिठाच्या गोळ्यानेच पुसते, तुला माहीत आहे; तू लहानपणी भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या घोषणाही मी तशाच पुसायची. त्याच गोळ्याने दगड खसाखसा घासला. दगड लख्ख झाला. गोळ्याकडे पाहिलं तर तो चमकत होता.

मी तो गोळा भट्टीच्या धडक्या बाजूला सारला आणि जळू दिला. राख झाली. राखेत बोट फिरवलं तर बोटाला पिवळी कणी लागली. दादा, मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले आणि मोठमोठ्याने हसले. चोर कोण? मी! बुटवाला! न्हावी! ‘निर्भयपणे घासा’ म्हणणारा तू! आम्ही सहा महिने आमचं सोनं जायफळासारखं किसत होतो. आणि दर शनिवारी एक निःस्वार्थ माणूस येऊन तो कीस मेणाने टिपून नेत होता.

मी आरडाओरडा केला नाही. शुक्रवारी दुकानं बंद व्हायच्या वेळी एकेकाला बोलावलं, राख दाखवली, आणि सगळ्यांचे दगड पिठाने पुसून दिले. दुसऱ्या दिवशी सोनारकाका मेणाचा गोळा घेऊन आले. बुटवाल्याकडे दगड हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला.

“घासलं नाहीत का या आठवड्यात?”

“घासलं की, काका. दोन्ही बाजूंनी, दाबून.”

न्हाव्याकडे तेच. शिंपीणबाईंकडे तेच. माझ्या दारात पोचेपर्यंत त्यांचं तोंड माझ्या डावीकडच्या पावासारखं झालं होतं.

“ताई, दगड कोणी पुसले?”

“मी पुसले. म्हटलं, तुमचे कष्ट वाचतील.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं? ते माझं काम आहे!”

“फुकटचं काम, काका. गेलं तर गेलं. एवढं काय मनाला लावून घेता?”

“मनाला काय लावून घेता? अहो, माझं केवढं नुकसान...”

शंकासुर मागेच उभा होता. आयुष्यभर शंका घेतल्या त्याने, पण एवढ्या गोड आवाजात कधी घेतली नसेल. म्हणाला, “कसलं नुकसान, काका?”

काका मेणाचा गोळा खिशात घालत म्हणाले, “मी वर्षाअखेर परतच देणार होतो.”

“कोणाला?” न्हाव्याच्या बायकोने विचारलं.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक डबा निघाला, माझ्याच बेकरीचा, मेणाच्या गोळ्यांनी भरलेला. सगळ्यांसमोर माझ्या भट्टीत मेण जाळलं. कोणी त्यांना मारलं नाही, पोलिसांतही दिलं नाही. सगळं सोनं पुन्हा वितळवून, तोलून, दाणे करून द्यायचं, मजुरी न घेता, एवढंच ठरलं. फुकट कामाची त्यांना सवय आहेच. तुझं मानपत्र त्यांच्या दुकानात भिंतीवर लावलंय, आणि ते उतरवायचं नाही असाही ठराव झालाय.

गवंड्याने मजुरी तिळांमध्येच घेतली. भट्टी उभी राहिली. गल्लीतले काळे दगड तिच्या तळाला बसवलेत, आता त्यांच्यावर पाव भाजतात. दाणे चालू आहेत, कोणी घासत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून घेतो. पंखेही सुरू झाले. दाण्यांवर वाटी पालथी घालायची, हे सहा महिने कोणालाच सुचलं नव्हतं. पाव अजून एका मुगालाच आहे.

पण सगळं सोनं नाही मिळालं. शंकासुराने सोनारावरही शंका घेऊन त्याला दगडाला हात लावू दिला नव्हता. तो रोज स्वतः साबणाने, नळाखाली, खळखळून दगड धुवायचा. गल्लीतला एकटा शहाणा, आणि त्याचंच सोनं मोरीतून गेलं. त्याची तूट आम्ही सगळ्यांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याला आली ती बरोब्बर धुराड्याएवढी.

त्यामुळे भट्टी आहे, धुराडं नाही. धूर गल्लीत. लोक रडत रडत पाव घेतात. शिंपीणबाईंचे पांढरे कपडे राखाडी झाले, न्हाव्याला गिऱ्हाइकाचा गाल सापडत नाही. काल पायरीवर सभा भरली. मी तुझ्यासारखी खणखणीत बोलले. म्हटलं, बंधूंनो आणि भगिनींनो, हा धूर ज्याच्या भाषणातून निघालाय त्याची पाटली अजून पेटीतसुद्धा नाही, बायकोच्या हातात आहे! टाळ्या तीनदाच पडल्या, पण एकेक लांबली.

वहिनींना मी निराळं पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलंय. धुराड्यापुरती पाटली कापायला त्यांची ना नाही, उरलेल्याचं बारीकसं कडं करून घेईन म्हणतात. फक्त अट एक: कात्री तुझ्या हाताने चालली पाहिजे, आणि ते त्यांना जवळून बघायचंय.

एक काळा दगड मी मुद्दाम मागे ठेवलाय. एकदाच, एकच रेघ, तुझ्या सोन्याची. गल्लीला बघायचीय.

तेव्हा दादा, रविवारी पहिल्या गाडीने वहिनींना घेऊन ये, बेकरीच्या पायरीवर उभा राहा, तोंड मिट, आणि आईची पाटली काप.

चिमणी